माईक जोडे बशेल शे

मंगळवार, ३ जानेवारी १९८९. देवपूर, धुळे

जळगाव. धुळे. अमळनेर. चाळीसगाव. पारोळा. भुसावळ. पिंप्राळा. ज्यानं कोणी खान्देशातल्या गावांना ही नावं ठेवली, त्याचं आमच्याशी काहीतरी वाकडं असणार. ज्या मुलखात कोणाच्याही तोंडून धड ळ निघत नाही, तिथं गावागणिक एकेक ळ पेरून ठेवलाय! आमच्या घरी सगळे 'जयगाव'च म्हणतात. आमचं पिंप्राळासुद्धा आम्हाला 'पिंप्राया'च.

मी मात्र ळ काढते. अकरावीत आरशासमोर उभी राहून जीभ उलटी वळवून 'काळा बाळ, पिवळी केळी' म्हणत बसायचे. वक्तृत्वाच्या सगळ्या ढाली मला त्या ळनं मिळवून दिल्या, आणि आता ही नोकरीही! पांझरा नदीच्या अलीकडे इथं देवपुरातल्या मैदानावर मोठं शेती आणि संसारोपयोगी प्रदर्शन भरतंय. त्याची निवेदिका म्हणजे मी! चुडामणनाना, म्हणजे इथले पंपांचे व्यापारी आणि प्रदर्शनाचे सर्वेसर्वा, यांनी जळगावला माझं भाषण ऐकलं होतं. म्हणाले, "ताई, आपलं प्रदर्शन पुण्यासारखं वाटायला हवं. आवाज असा पाहिजे, की ऐकणाऱ्यानं चपला काढून उभं राहावं."

मुक्काम बेबामावशीकडे. ती आणि बन्सीलालकाका कितीतरी वर्षं धुळ्यातच आहेत. मावशीची गंमत अशी की ती घरात आपलं जळगावकडचं बोलते, भाजीवालीशी अहिराणी आणि शेजारच्या जोशीकाकूंशी एकदम पुस्तकी. एकाच दारात उभी राहून तीन बाया!

संध्याकाळपासून सराव करतेय. मावशी ओरडली, "कुंदे, इतकं घासू नको वं जिभीले, फोड येतीन."

गुरुवार, ५ जानेवारी

पहिला दिवस. काय सांगू!

माझ्या तंबूवर 'ध्वनिक्षेपण कक्ष' अशी पाटी आहे. आत टेबल, माईक, मशीन आणि गिरधरभाऊ. भोंग्यांचं सगळं काम त्यांचं. अनवाणी पायांनी खांबावर असे सरसर चढतात की बघतच राहावं. राहणार कापडण्याकडचे, बोलणं पक्कं अहिराणी. मला म्हणाले, "मॅडम, पहिले हाई बटन दाबानं, मंग बोलानं. तोंड माईकले चिटकाडानं नही."

मी म्हटलं, "धन्यवाद. मला ज्ञात आहे."

आणि भलतंच बटन दाबलं. भोंग्यांतून अशी किंकाळी निघाली की जनावरांच्या मांडवातला एक खिल्लारी बैल दावं तोडून थेट साड्यांच्या दुकानात शिरला. गिरधरभाऊंच्या फक्त मिशा थरथरत होत्या.

दुपारी एक म्हातारी आली. भागाबाई. हिरवं लुगडं, हातात पिशवी, नवरा गर्दीत हरवलेला. दोघं इथं देवपुरात मुलीकडे संक्रांतीपर्यंत राहायला आली आहेत. नवऱ्याचं नाव काही केल्या सांगेना. शेवटी गिरधरभाऊंच्या कानात पुटपुटली. मी घसा साफ केला.

"सर्व उपस्थितांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. श्री. झुलाल पाटील यांनी आपल्या सौभाग्यवतींना नेण्यासाठी ध्वनिक्षेपण कक्षाशी तातडीने संपर्क साधावा."

एकेक अक्षर मोत्यासारखं! पण कोणी येईना. पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही. भागाबाई खुर्चीच्या अगदी कडेला बसून दाराकडे बघत होती. तासभर गेला असेल. मग गिरधरभाऊंनी माझ्या हातातून माईक घेतला. "ओ झुलाल आबा! तुमनी भागाबाई आठे माईक जोडे बशेल शे. त्या भजा ठेवा नि लवकर या!"

आबा लगेच हजर. हातात भज्यांचा कागद, ओठाला चटणी. ते आमच्या तंबूला पाठ टेकूनच उभे होते! मी विचारलं, "आबा, मी इतक्या वेळा नाव घेतलं, तुम्ही ऐकलं नाही?"

"ऐकं ना माय," आबा म्हणाले. "पन माले वाटनं, रेडिओवर बातम्या लागेल शेतस."

गिरधरभाऊ मशीनमागं तोंड घालून काहीतरी दुरुस्त करायला लागले. मशीन मोडलेलं नव्हतं. मला इतका राग आला की संध्याकाळी मावशीकडे भरीत आणि कळण्याच्या चारच भाकरी खाल्ल्या.

शुक्रवार, ६ जानेवारी

आज ठरवलं की अहिराणी शिकायची. कामापुरती. गिरधरभाऊंना वाक्यं विचारते आणि पाठ करते. 'आहे'ला शे. 'सगळे'ला बठ्ठा. 'इथे'ला आठे. 'जवळ'ला जोडे. "मी आठे शे," मी म्हटलं. ते म्हणाले, "दिखस माले." दिसतंय म्हणे मला! मग दोघंही उगाच हसत बसलो. दुपारचा चहा आज फार चांगला होता.

रविवार, ८ जानेवारी

मी प्रसिद्ध झाले! मी प्रसिद्ध झाले!

झालं असं: मावशी तंबूत आली होती. तिला भागाबाईची गोष्ट सांगताना मी तिची नक्कल करून दाखवली. नाकातून आवाज, हेल काढून: "ओ मना धनी वंऽऽ, मी हरपी गई वंऽऽ, नि तुम्ही भजा खाई राह्यनात वंऽऽ!" आणि माईक चालू होता.

अख्खं मैदान हसलं. अख्खं! आकाशपाळण्यातून टाळ्या आल्या. कॉलेजची पोरं तंबूसमोर गोळा होऊन "वन्समोर!" ओरडायला लागली. तेवढ्यात नाना धावत आले. मला वाटलं, आता पिशवी भरा आणि घरी चला. तर नाना डोळे पुसतायत! हसून हसून! म्हणाले, "ताई, हे रोज संध्याकाळी झालंच पाहिजे. सूचना शुद्ध मराठीत आणि गंमत अहिराणीत." किती छान वाटणी केली नानांनी.

लगेच दुसरा प्रयोग केला. 'भागाबाई आकाशपाळण्यात'. लोकांनी डोक्यावर घेतलं. मध्येच आवाज गेला तेवढं सोडून. गिरधरभाऊ म्हणाले, "वायर ढिली व्हई गई."

सोमवार, ९ जानेवारी

'भागाबाई आणि मिक्सर'. फार रंगत होतं, पण पुन्हा वायर. नेमकी माझ्या प्रयोगाच्या वेळी कशी सुटते कोण जाणे. सकाळभर सूचना दिल्या तेव्हा मशीन ठणठणीत होतं. गिरधरभाऊंना म्हटलं, नवी वायर आणा. ते म्हणाले, "वायरनं काय चुकनं नही." मग कोणाचं चुकलं? खांबाचं?

जाताना म्हणाले, "मॅडम, भागाबाई मनी मायसारखी शे." मी म्हटलं, माझी आईपण तशीच आहे. त्यावर ते माझ्याकडे बघत राहिले आणि खांबावर चढून गेले. चढायचं काही काम नव्हतं. माणूस चांगला आहे पण कधी कधी काही समजत नाही.

मंगळवार, १० जानेवारी

माझी भागाबाई आता मैदानभर पसरली आहे! आज फेरी मारायला गेले तर कुकरच्या दुकानातला विक्रेता माझ्याच हेलात बोलत होता, "काय वंऽऽ माय, शिट्टी वाजस वंऽऽ!" मागं पोरं उभी, हसून लोळतायत. एका लुगड्यातल्या बाईनं त्याला शिट्टीबद्दल काही विचारलं असावं. मला ती पाठमोरी दिसली. उत्तर न घेताच पदर ओढून निघून गेली. बहुतेक कुकर नकोच असेल तिला.

सौंदर्यप्रसाधनवालासुद्धा करतो. पाळण्यावालासुद्धा. गिरधर मात्र हसत नाही. बाकी सगळं मैदान एकीकडे आणि हा एकटा एकीकडे. आज मी त्याला दिलेली शेवेची पुडी तशीच टेबलावर राहिली. मला त्याचं एवढं वाईट का वाटावं? मैदान हसतंय ना!

मावशीला विचारलं, "तुला आवडते ना माझी भागाबाई?" मावशी कणीक मळत होती. म्हणाली, "तुह्यी आजी जयगावले आली की पहिल्यांदा बोलायचीच नही. दुकानात बोट दाखवे नुसतं." मी म्हटलं, का? मावशी म्हणाली, "काय माहीत बाप्पा." आणि कणकेला इतके बुक्के मारले की पोळ्या एकदम मऊ झाल्या.

बुधवार, ११ जानेवारी

आज दिवसभरात कोणी हरवलं नाही. कालही दोघंतिघंच आले, तेही शहरातले. याचा अर्थ लोकांना शिस्त लागली! 'कृपया आपल्या माणसांचा हात सोडू नये' असं मी दर तासाला सांगते, त्याचा हा परिणाम. नानांनाही सांगितलं. ते खूश.

गिरधरला सांगितलं तर म्हणतो, "लोके हरपतसच. फक्त आठे येतस नही."

"काबरं?" मी विचारलं. (हा शब्द मला आता न आठवताच येतो.)

"ते तुम्हीनच इचारा त्यासले."

कोड्यात बोलायची खोडच आहे त्याला. तरी 'काबरं' ऐकून हसला जरा. दोन दिवसांनी हसला. मी तेवढ्यावर दुपारच्या सूचना गाऊनच दिल्या असत्या.

शुक्रवार, १३ जानेवारी. भोगी

अक्षर वाकडं येईल. पण आत्ताच लिहायला हवं.

दुपारी तीनच्या सुमारास गिरधर कर्णा नीट करायला मैदानाच्या टोकाला गेला होता. परत आला तो भागाबाईला घेऊन. ती तंबूच्या दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. आत येईना. चेहरा पांढराफटक, पायांवर धूळ. झुलाल आबा सकाळपासून सापडत नव्हते. सकाळपासून! आणि ती एकटी मैदानभर फिरत होती.

मी म्हटलं, "अहो, मग इथं का नाही आलात? मी लगेच पुकारा केला असता!"

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गिरधरला म्हणाली, "मी बोलनू का बठ्ठा हासतस. त्या कुकरवालाले इचारं तरी हासनात. मना मालक हरपना, त्यावर बी हासतीन."

ती पाठमोरी बाई. ती हीच होती.

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. पण विचार करायला वेळ नव्हता. गिरधर सांगत होता की आबांना साखरेचा आजार आहे, त्यांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही, कुठंतरी चक्कर येऊन पडले असतील. मी बटन दाबलं. घाईत तोंडून अहिराणीच आली: "ऐका, झुलाल आबा हरपी गया शेतस..."

आणि मैदान हसायला लागलं.

माझा आवाज ऐकून! रोजचा खेळ लवकर सुरू झाला असं वाटलं त्यांना. पोरं तंबूकडे धावत आली. "भागाबाई! भागाबाई!" मी ओरडले, ही गंमत नाही, खरंच हरपनात! ते आणखी हसले. जितकी कळवळून बोलले तितके जास्त हसले. भागाबाई दारात उभी होती. तिनं दोन्ही कानांवर पदर दाबून धरला.

मग शुद्ध मराठीत सांगितलं. 'सर्व उपस्थितांनी कृपया...' लोक भजी खायला वळले. बातम्या लागल्या ना.

एक आवाज मी खोटा करून टाकला होता आणि दुसरा कोणाला पोचत नव्हता. गिरधर म्हणाला, "कुंदा, तू घरमा कशी बोलस? तशी बोल."

घरी? घरचं बोलणं मी पिंप्राळ्याच्या फाटकाबाहेर कधी काढलं नव्हतं. कॉलेजात नाही, मैत्रिणींत नाही. पण दुसरं काही उरलंच नव्हतं. मी माईक दोन्ही हातांनी धरला आणि तोंडून जे निघेल ते निघू दिलं.

"ऐका ना बाप्पा. मी कुंदा. पिंप्राय्याची. हे नाटक नही. झुलाल आबा सापडत नही. म्हातारं मानूस हाये, धोतर, काया कोट, डोयाले चष्मा. सकायपासून पोटात अन्न नही त्याइच्या. तुमी जठी असाल तठी मांगं-पुढं पाहा. मले हासायचं असंन तं उद्या हासा, पोटभर हासा. आज आबाले धुंडा."

एकही ळ नव्हता. एकही! आणि मला त्या वेळी ते कळलंही नाही.

कोणी हसलं नाही. इतकं शांत झालं की भज्यांच्या कढईतलं तेल ऐकू आलं. गिरधरनं माईक घेऊन तेच अहिराणीत सांगितलं, "बठ्ठासनी आपापली जागावर उभं राहीसन मांगेपुढे देखा." मैदानातली माणसं खरंच जागच्या जागी उभी राहून वळून वळून बघायला लागली. आकाशपाळणा थांबला. सगळ्यात वरच्या पाळण्यात एक नवी नवरी होती, नाकात नथ, शेजारी नवरा, खाली सासू-सासरे उभे. ती एकदम उठून उभी राहिली आणि अशी ओरडली की भोंग्याची गरज नव्हती: "तठे! रसवाला जोडे! चिपाडेस्ना मांगे कोन्हीतरी पडेल शे!"

उसाच्या चिपाडांचा ढीग रसवंतीमागं डोंगरासारखा वाढला होता. त्याच्या आडोशाला आबा आडवे पडले होते, सावली बघून टेकले असतील आणि तिथंच शुद्ध हरपली. गर्दीत एक डॉक्टर निघाले; साखर उतरलीय म्हणाले. रसवाल्यानं पेला भरून रस आणला. डॉक्टरांनी थेंब थेंब तोंडात सोडला. बऱ्याच वेळानं आबांनी डोळे उघडले, चष्मा शोधला आणि विचारलं, "भागा कोठे शे?"

ती तिथंच होती. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि सगळ्यांसमोर त्यांना नावानं हाक मारली. "झुलाल," म्हणाली. एकदाच.

मग नाना आले. सगळं मैदान माझी बोली ऐकून बसलं होतं. पुण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, नाना, मी उद्यापासून येत नाही. नानांच्या तोंडून पहिल्यांदाच अहिराणी ऐकली. "येत नही म्हने! काबरं? कोन्ही सांगं तुले? उद्या संक्रांत शे, बठ्ठं धुये येवाव शे आठे. गपचूप ये." आणि जाता जाता पाळण्यावाल्यावर ओरडले, "तो पायना चालू कर रे आते, ती नवरी कवयपावत उभी राही?"

भागाबाई मात्र माझ्याकडे न बघताच मुलीच्या घरी गेली. आबांना हातगाडीवर बसवून.

मावशीनं भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी वाढली. एक घास गिळवला नाही.

शनिवार, १४ जानेवारी. संक्रांत

सकाळीच तिळगूळ घेऊन भागाबाईच्या मुलीकडे गेले. रस्ताभर माफीचं भाषण जुळवत होते. 'अजाणतेपणी माझ्याकडून आपला जो अवमान...' दारात पोचले आणि सगळं उडालं. आबा ओसरीवर उन्हात बसले होते, ठीक दिसत होते. भागाबाई निवडण करत होती.

"माह्यं चुकलं," मी म्हटलं.

"काय चुकनं?" तिनं सूप खाली ठेवलं.

सोडणार नव्हती. मला म्हणावंच लागलं. "तुमच्या बोलन्यावर मी लोकं हासवले. तुमी मले कधी काही केलं नव्हतं."

तिनं माझ्या हातातला तिळगूळ घेतला, तोंडात टाकला, सावकाश चावला. मग म्हणाली, "आवाज तू चांगला काढस. पन मी इतली नाकमा नही बोलस." आणि तिनं माझी नक्कल केली! माझी! मान ताठ, ओठ चिमटल्यासारखे: "सर्व उपस्थितांनीऽ कृपयाऽ..." आबा काठी आपटून आपटून हसले. मुलगी आतून धावत आली. मी पायरीवर बसले आणि हसता हसता रडले की रडता रडता हसले, काय माहीत.

"आते एक काम कर," भागाबाई म्हणाली. "तो माईक एकदाव मना हातमा दे."

दिला! दुपारी, ऐन गर्दीत. ती तंबूत आली, नवं लुगडं, कपाळभर कुंकू. गिरधरनं माईक तिच्या उंचीला आणला. मग म्हणाली, "मी भागाबाई. खरी. ओ कुकरवाला भाऊ! मंगयवारले मी तुले एक इचारं, तू हासना. आते बठ्ठं गाव ऐकी राह्यनं. सांग, ती शिट्टी कसाले वाजस, नि नही वाजनी ते काय करानं?"

सगळं मैदान कुकरच्या दुकानाकडे वळलं. तो बिचारा लालबुंद! पोरांनीच त्याला ढकलत ढकलत तंबूपर्यंत आणलं. त्याला माईकवर सगळं समजावून सांगावं लागलं, वाफ, रबर, शिट्टी. भागाबाई मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यालाही येईना. तेव्हा लोक जे हसले! पण ते त्याच्याकडे बघून हसले. मी नीट पाहिलं.

मग बायांची रांगच लागली. कोणी नवऱ्याला बोलवायला, कोणी जावेला, कोणी नुसतीच बोलायला. एक वंजारी बाई आली, एक डोंगरातली पावरा आदिवासी बाई आली, तिचं आम्हाला कोणालाच कळलं नाही, पण तिच्या भावाला कळलं आणि तो आला. एका आजीनं तर सगळ्या मैदानाला सांगितलं, "ओ निंबा, घर जाय, दूध तापाडनं राही गयं!" निंबा नावाची पाच माणसं तंबूशी आली. पाचही घरी गेली.

मावशी आली आणि आपल्या बोलीत सगळ्यांना तिळगूळ घ्यायला सांगितलं, 'तियगूय' म्हणाली ठसक्यात. शेजारच्या जोशीकाकू समोरच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही किती गोड बोलता! इतकी वर्षं का लपवलंत?" मावशीनं तिळगुळाचा अख्खा डबाच त्यांच्या हातात दिला. असं आयुष्यात प्रथमच झालं असेल.

आणि वायर दिवसभरात एकदाही सुटली नाही. गिरधरनं शेवटी दुरुस्त केलेली दिसते.

रविवार, १५ जानेवारी

आज शेवटचा दिवस. भोंगे उतरवले. गिरधर एकेक खांब उतरवत होता आणि मी खाली उभी राहून वायर गुंडाळत होते. वायर एकाच ठिकाणी, अगदी मशीनजवळ, पुन्हा पुन्हा उपसल्यासारखी दिसत होती. म्हटलं, उंदरानं कुरतडली का रे? तो खांबावरूनच म्हणाला, "व्हई. उंदीरच व्हता."

जळगावची गाडी पकडताना फलाटावर गिरधर उभा होता. काही काम नव्हतं त्याचं तिथं. मला पांझरेच्या पुलापर्यंत डोळ्यांत धूळ जात राहिली.

रविवार, २२ जानेवारी. पिंप्राळा

आज एक विचित्र प्रकार झाला. जसा झाला तसा लिहिते.

सकाळी आप्पा (आमचे वडील) अंगणात केळीच्या बागेच्या गोष्टी करत शेजाऱ्यांशी बसले होते. रिक्षा थांबली आणि गिरधर उतरला! इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, मिशी कातरलेली. मावशीनं पत्ता दिला म्हणे. आप्पांना हात जोडून तो म्हणाला, "नमस्कार. मी धुळ्याहून आळो आहे. मळा थोडं बोळायचं आहे."

सगळीकडे ळ! ल दिसला की ळ! वाटेत गाडीत पाठ केलं असणार. मी ओठ चावून दाराआड उभी राहिले. त्या ळंवर हसायचं नाही असं ठरवलं होतं, आणि खरंच हसू आलं नाही. उलट काहीतरी भलतंच झालं, छातीत, ते मला लिहिता येत नाही. ज्यानं भरल्या मैदानात कधी बोली बदलली नाही, तो माझ्या बापासमोर जीभ उलटी करून घाम पुसत होता.

आप्पांनी त्याला खाटेवर बसवलं. "बस ना रे बाप्पा. जिभीले काहून तरास देतो? तुह्यं बोल. आमाले समजते."

गिरधरनं एक मोठा श्वास घेतला आणि जो सुटला, जो सुटला! आप्पांना निम्मंही समजेना. ते माझ्याकडे बघायला लागले. मग मी बाहेर आले आणि एकेक वाक्य सांगत गेले. जामनेरला मोठा गुरांचा बाजार भरतोय. माईकचं काम त्याला मिळालंय. तिथं आपली बोली बोलणारे येतील, अहिराणी बोलणारे येतील, विदर्भाकडचे व्यापारी येतील; सगळ्यांचं ऐकून सगळ्यांना सांगणारं माणूस हवं. बेबामावशी सोबत राहायला तयार आहे. भागाबाईनं मुद्दाम निरोप दिलाय, पोरीले धाड. आप्पा मान हलवत होते. आप्पांना तो आवडलेला दिसला. त्यांनी त्याला बागेतली केळी दाखवायचं कबूल केलं, आणि ती ते कोणालाही दाखवत नाहीत.

शेवटी गिरधर खाटेच्या सुंभाकडे बघत, मग माझ्याकडे बघत, हळूच म्हणाला, "नही उनी तू, ते मी बी जावाव नही."

भोंग्यांचं काम मी नाही म्हणून सोडायचं? असं कोणी करतं का? मला काही उलगडलं नाही. पण कान असे तापले, जसे मशीनचे दिवे तापतात.

आप्पांनी विचारलं, "काय म्हने तो?"

मी म्हटलं, "काही नही. चहा चांगला झाला म्हने."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अवं, चहा तं आजून उकयलाबी नही!"